मागचं उजवं चाक

गाड्यांची चाकं सरळ करणाऱ्या त्या माणसाला सगळे सुतळी मिस्त्री म्हणत, आणि त्यालाही ते मनातून आवडे. कॉम्प्युटरवाल्या दुकानांनी हात टेकलेल्या जुन्या गाड्या शेवटी त्याच्याच दारात यायच्या. मागच्या चाकाला सुतळी लावायची, ताणून पुढे न्यायची आणि पुढचं चाक तिच्या ओळीत आणायचं, एवढंच त्याचं शास्त्र. "मागचं चाक खोटं बोलत नाही," असं वस्तादांनी शिकवलं होतं. वस्तादांच्या काळी गाड्यांना मागे एकच जाडजूड लोखंडी दांडा असे, तो सहसा हलत नसे, म्हणून ते खरं होतं. पुढे गाड्या बदलल्या, मागचं प्रत्येक चाक आपापल्या दांडीवर आलं, तरी मिस्त्री वस्तादांचं वाक्य धरूनच बसला.

त्याच्या दाजींची गाडी वीस वर्षांची होती. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी ते सांगू लागले, "गाडी मागून ढकलते रे. ओल्या रस्त्यावर तर तिचं शेपूट भलतीकडेच जायला बघतं." मिस्त्रीने तीनदा सुतळी लावली, तीनदा पुढची चाकं सरळ केली. मागचं एक टायर आतून झिजलं होतं, ते 'हवा कमी ठेवता' म्हणून बदलून दिलं. चौथ्यांदा दाजी आले तेव्हा गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती. मिस्त्री वैतागला. "दाजी, नाचता येईना अंगण वाकडं. गाडी ठणठणीत आहे, तुमचे हात आता सरळ राहत नाहीत."

गिऱ्हाइकं हसली, दाजीही हसले. घरी जाऊन त्यांनी किल्ली मुलीच्या हातात ठेवली आणि पुन्हा कधी मागितली नाही. म्हातारा वेळेवर शहाणा झाला, असं नातेवाईक म्हणाले. नातेवाइकांना काय, बोलायला कुठे पेट्रोल लागतं?

परवा भाची गाडी घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, काल वळणावर मागची बाजू सुटली. गाडी अर्धी फिरून दुभाजकाला टेकली. नशीब, मागून कोणी येत नव्हतं. बाबा हेच सांगायचे ना?"

मिस्त्रीने खाली बसून मागच्या उजव्या टायरवर तळवा फिरवला. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आत मात्र करवतीचे दात. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने मागच्या चाकाला सुतळी टेकवली नाही. गाडीच्या दोन्ही अंगांना, मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर, स्टँडवर दोन सुतळ्या ताणल्या आणि पट्टी घेऊन मोजलं. मागच्या उजव्या रिमची पुढची कड तिच्याच मागच्या कडेपेक्षा सहा मिलिमीटर बाहेर होती, म्हणजे चाकच तिरकं होतं. गाडीखाली सरपटत जाऊन त्याने पहारीने दांडी हलवली. ती डुगडुगली, आणि तिच्या मुळाशी असलेल्या रबराचा भुगा त्याच्या तोंडावर पडला.

तरी मन मानेना. हे आत्ताच झालं असेल, असं म्हणत तो गॅरेजामागच्या जुन्या टायरांच्या ढिगाऱ्यात शिरला. दाजींचं काढलेलं ते टायर अजून तिथेच होतं. त्यावर हात फिरवला. तेच दात. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि त्याने चारचौघांत नाचणाऱ्याला हिणवलं होतं.

"बाबांना नका सांगू आता," भाची म्हणाली. "ते शांत झालेत."

मोह झालाच. रबर बदलायचं, चाक सरळ करायचं, गप्प बसायचं. कोणाला कळणार होतं? दोन दिवस त्याने तेच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र जेवणाचा डबाही न घेता तो बहिणीच्या घरी गेला.

दाजी खिडकीशी खुर्चीत बसले होते. अक्का त्यांची दाढी करत होती.

"यांना काय झालं?" मिस्त्रीने विचारलं.

"व्हायचंय काय? तूच नाही का म्हणालास, हात सरळ राहत नाहीत म्हणून? तेव्हापासून ब्लेड हातात घेत नाहीत. सहीसुद्धा मीच करते."

मिस्त्री दाजींच्या पायाशी जमिनीवरच बसला.

"दाजी, चूक माझी होती. मागचं चाक वाकडं होतं, आणि मी त्याच्याच मापाने सगळी गाडी मोजत राहिलो. तुमचे हात ठीक होते."

दाजींनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून त्याच्याकडे बघितलं. मग उजवा हात पुढे करून बोटं पसरली. बोटं थरथरत होती.

"तेव्हा नव्हती थरथरत," ते म्हणाले. "मला माहीत होतं रे. पण तुझं माप कधी चुकत नाही म्हणतात, म्हणून मी हातालाच खोटं ठरवलं."