गरम अगार

इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगते — पण मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका.

पनवेलच्या एका कॉलेजात मी डीएनए क्लोनिंग शिकवते. सोपं आहे हो! डीएनएचं छोटं वर्तुळ एका एन्झाइमने कापायचं, त्यात हवं ते जनुक बसवायचं, दुसऱ्या एन्झाइमने सांधायचं आणि बॅक्टेरियात सोडायचं. त्या वर्तुळात अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुकही असतं. म्हणून बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीत — अगारात — अँटिबायोटिक घालतात. ज्यांनी वर्तुळ घेतलं तेच जगतात. सोबत तुलनेसाठी अगारची आणखी एक बशी, कंट्रोल प्लेट, वर्तुळ न दिलेल्या बॅक्टेरियाची. ती कोरी राहायला हवी.

एम.एस्सी.ला आमची कोरी राहिली नाही.

आमची म्हणजे माझी आणि रोडपालीच्या वंदनाची. उकळलेला अगार कोमट झाल्यावरच अँटिबायोटिक घालायचं, नाहीतर उष्णतेने त्याचा जोर जातो. मला कसली घाई होती? डबा खायची! वाफाळत्या अगारात मी ते घातलं. मग वंदनाने प्लेटा ओतल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळीकडे बुजबुजाट. सर कडाडले, "कोणी ओतल्या?" आणि मी — मी वंदनाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं.

तिला प्रोजेक्टमधून काढलं. "माझा हातच वाईट गं," म्हणत तिने शिक्षणही सोडलं. तिला ते खरंच वाटत होतं. मी तोंड उघडलं? छे! भित्री होते मी, दुसरं काय?

यंदा तिची मुलगी माझ्या वर्गात आहे. गेल्या आठवड्यात तिच्या प्लेटा बिघडल्या. ग्लोव्हज काढत म्हणाली, "मॅडम, मी सोडते. आयचा हात नाय बसला, माझा पन नाय बसनार."

तेव्हा सांगितलं. भर वर्गात. संध्याकाळी वंदनाला फोन केला. तिलाही सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माझा हात चांगला व्हता?"

"होय," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

काल ती लेकीबरोबर लॅबमध्ये आली. माझ्याकडे पाहिलं नाही. लेक अँटिबायोटिक घालणार, तोच वंदनाने अगारची बाटली मनगटाला टेकवली.

"थांब गो," ती म्हणाली, "अजून गरम हाय."