फळ्याखालची तिसरी जागा

सरांनी माझ्या दंडाला धरले आणि मला फळ्याखाली तिसऱ्या जागी उभे केले.

पहिल्या जागी धामणगावहून रोज गाडीने येणारी एक महाविद्यालयीन मुलगी होती, गव्हाळ रंगाची. दुसऱ्या जागी सीमा. घरच्या मळ्यातली भाजी ती बाजारात विकते आणि दुपारी वर्गाला येते. तिसरी मी. निवृत्त शिक्षिका. त्या वर्गातल्या कोणाच्याही आजीच्या वयाची. सरांनी हातातली पट्टी आमच्यावरून क्रमाने फिरवली.

"डार्क. डार्कर. डार्केस्ट."

वर्ग हसला.

अमरावतीला बसस्थानकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर हा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो. त्याचा एक रिवाज आहे. दर शुक्रवारी विशेषणांच्या तीन पायऱ्या माणसे उभी करून शिकवल्या जातात. उंच, अधिक उंच, सर्वांत उंच. नंतर प्रत्येकाने स्वतःविषयीचे वाक्य स्वतःच्या तोंडाने तीनदा म्हणायचे. मग टाळ्या. असे शिकलेले विसरत नाही, असे सर म्हणत. ते खरे आहे.

मी म्हटले. तीनदा. "आय ॲम द डार्केस्ट." माझे उच्चार स्वच्छ आहेत. टाळ्या पडल्या.

फळ्याखालच्या त्या चौथऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी मी वाकून त्याला हात लावला होता. जेथे विद्या दिली जाते ती जागा पवित्र, असे मी मानत आले. माझे वडील गिरणीत गासड्या वाहत. त्यांनी मला संस्कृत शिकू दिले, कारण ते आपल्याला कधी शिकू दिले नव्हते, एवढेच ते म्हणत. रोज पहाटे मी बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण आणि पंचशील म्हणते, आणि संध्याकाळी एक पान संस्कृत वाचते. या दोहोंत मला कधी विसंवाद वाटला नाही. म्हणूनच सरांनी विशेषणांचा पाठ सुरू केला तेव्हा मला हर्ष झाला होता. लघु, लघुतर, लघुतम. परक्या गावात ओळखीचे कोणी भेटावे तसे ते झाले. वाटले, ही भाषा मला येईल.

ती मला यायलाच हवी होती. मुलगा कॅनडात. यजमान गेल्यापासून घरात मी एकटी. रविवारी सकाळी मोबाइलवर नात दिसते. सात वर्षांची आहे. तिच्या कानाला मराठी थोडी कळते, जिभेवर येत नाही. ती बोलते, मी हसते. मी बोलते, ती हसते. मग ती खेळायला जाते आणि मोबाइलच्या काळ्या काचेत मी मला दिसते.

त्या रविवारी तिने विचारले, आजी इंग्लिशमध्ये काय शिकली? तेवढे मला समजले. मी सावरून बसले. जे वाक्य न अडखळता येत होते तेच म्हटले.

"आय ॲम द डार्केस्ट."

ती हसली नाही. आपले मनगट वर करून तिने पाहिले. मग ते कॅमेऱ्याजवळ आणले, इतके जवळ की पडद्यावर केवळ तिची त्वचा उरली. माझीच त्वचा. माझ्या आईची.

"अँड मी, आजी?"

आणि मी?

तिला उत्तर देण्याइतकी भाषा माझ्याजवळ नव्हती. माझ्याजवळ ते एकच वाक्य होते. सून पुढे आली, काहीतरी बोलली, पडदा विझला. त्या दिवशी मी संस्कृताचे पान उघडले नाही. उजेड असूनही दिवा लावून बसले.

तेव्हा अकोल्याची शिक्षकखोली आठवली. संस्कृत शिकवायला मी रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप ठेवत म्हणाले होते, "उच्चार किती शुद्ध हो बाई तुमचे. तुमच्यात तुम्हीच सर्वांत हुशार असाल." मी आभार मानले. हात जोडून मानले. 'तुमच्यात' या शब्दाचे कुंपण मला दिसले होते. दिसूनही मी त्याच्या आत उभी राहिले, कारण आत का होईना, मला सर्वांत पुढे ठेवले होते. पुढे नोकरीची सारी वर्षे मी त्याच कुंपणात पहिली येत राहिले. कोणी पुढे ठेवो, कोणी शेवटी ठेवो. ओळ लावणारा हात माझा नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सर म्हणाले, "आधी मागची रिव्हिजन. त्याच तिघी या."

ती मुलगी उठली. सीमा उठली. मी बसून राहिले.

"आजी, तुमची जागा रिकामी आहे."

"ती माझी जागा नाही, सर."

"अहो, स्पोर्टिंगली घ्या. उदाहरण आहे ते. अन् खोटं काय आहे त्यात?"

"खोटे काहीच नाही. मी काळी आहे. माझी आई काळी होती. माझी नात काळी आहे. परंतु मला कोणाच्या शेजारी उभे करून मोजायचे, हे तुम्ही मला विचारले नव्हते."

मागून कोणीतरी म्हणाले, "आजी तं भाषणच देऊन राहिली बे."

हशा झाला. सरांच्या तोंडची घासलेली मराठी गळून पडली. "काहून? आता काय झालं तुमाले? नियम सगळ्याईले सारखा आहे."

"सारखा नाही. तुम्ही एकदाही त्या ओळीत उभे राहिलेले मी पाहिले नाही."

हसू थांबले. सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी सीमाला दंडाला धरून एक जागा पुढे सरकवले. तिसऱ्या जागी. दुसरीवर आणखी कोणाला तरी आणले. ओळ पूर्ण झाली.

सीमाने वाक्य म्हटले. तीनदा. टाळ्या पडल्या.

वर्ग सुटल्यावर ती जिन्यात माझ्यासाठी थांबली होती. "आजी, राग नका धरू. पोराच्या शाळेत मॅडम इंग्रजीत बोलते, मले खाली पाहत उभं राहा लागते. मले शिकायचं हाय."

"मी तुझ्यावर रागावले नाही, बाई."

"तुमी उठल्या असत्या तं मी दुसरीच राहिली असती." ती हे तक्रारीने म्हणाली नाही. नुसते सांगितले आणि टोपली उचलून बाजाराकडे गेली.

मी पायी घरी आले. सोबत कोणी नव्हते. सबंध वाटभर सीमाचे ते वाक्य माझ्याबरोबर चालले. मी नकार दिला आणि माझा अपमान तिच्या अंगावर गेला. मला वाटले होते, मी उठले नाही म्हणजे झाले. झाले नव्हते. जागा तशीच होती. ती भरायला त्यांना कोणीही चालते.

येत्या रविवारी नातीला मी मराठीत उत्तर देईन. तिला अर्धे कळेल. उरलेले अर्धे कळेपर्यंत दर रविवारी देईन.

आणि शुक्रवारी वर्गाला जाईन. सर्वांच्या आधी. या वेळी चौथऱ्याला हात लावणार नाही. शेवटच्या बाकाजवळची लोखंडी खुर्ची उचलून फळ्याखाली नेईन, त्या तिसऱ्या जागी ठेवीन आणि वर्गाकडे तोंड करून तिच्यावर बसेन. वही मांडीवर असेल. जे शिकवतील ते शिकेन. सरांनी उठायला सांगितले तर उठणार नाही. तेथे दुसऱ्या कोणाला उभे करायचे झाल्यास आधी मला उचलावे लागेल.

उचलून पाहावे.