गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला मॉनिटर

कोल्हापुरात मंगळवार पेठेत एक फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस असो, कुणाची निवड असो, गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागायचाच. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणायचे, मीही म्हणायचो. डिझाईन त्या एकट्याच करायच्या. काउंटरवर दोन मॉनिटर पाठीला पाठ लावून ठेवलेले, एकाचं तोंड त्यांच्याकडं, दुसऱ्याचं गिऱ्हाइकाकडं. त्या आत जे करतील तेच बाहेर दिसायचं. मंडळाची पोरं बाकावर बसून ओरडायची, "वैनी, माझं डोस्कं जरा मोठं करा की! अध्यक्षापेक्षा ल्हान दिसायलंय."

"हाय तेवढंच दिसणार," वहिनी आतनं म्हणायच्या.

तो बाहेरचा मॉनिटर म्हणजे हौस नव्हती. तो नव्हता तेव्हा चार-चार गडी काउंटरच्या आत शिरून त्यांच्या खुर्चीमागं उभे राहायचे, खांद्यावरनं बोट दाखवायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं.

मी त्याच पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. शाळा नववीत सुटलेली. गाव तिकडं यवतमाळकडं, रेल्वेत रात्र काढून वर आणखी अख्खा दिवस जायचा. मालकांनी ठेवून घेतलं, झोपायला दुकानाचा माळा दिला, जेवायला स्वतःच्या घरी बसवलं. पण तेव्हा मला सारखी भीतीच असायची, की याला काही येत नाही हे एक दिवस यांना कळणार. वहिनींचेही उपकार होते. छपाई चुकलेले फ्लेक्स त्या मला द्यायच्या. मी ते गावी न्यायचो आणि आई कौलांखाली बांधायची. पावसाळाभर कोल्हापूरचे भावी नगरसेवक हात जोडून आमच्या चुलीकडं बघत असायचे. घर मात्र गळायचं नाही.

मग वहिनींनी नवीन मशीन घेतलं, आतली सिस्टीमही नवीनच. त्यातल्या ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणाऱ्या भागाला, एकच मॉनिटर जोडता यायचा. दुसऱ्यासाठी जुन्या मशीनमधलं कार्ड काढून बसवायचं ठरलं. ते दुसऱ्या कंपनीचं होतं, पण चांगलं चालू. चालणारी वस्तू टाकायची कशाला? मालक म्हणाले, "जा, बसवून ये. पाच मिंटाचं काम हाय."

बसवलं. आतला मॉनिटर लागला, बाहेरचा काळाच. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला, तर बाहेरचा लागला आणि आतला गेला. खोडरबरानं कार्डाची पट्टी घासली, जागा बदलली, वायरी बदलल्या, सगळं पुसून नव्यानं टाकलं. एकेकटं कार्ड लावलं की झक्क चालायचं.

"एकेकट्या बऱ्या आन् एका घरात न्हाय? जावा-जावा हायत व्हय?" वहिनी हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या हसल्या नाहीत. गिऱ्हाइकं आता आत यायला लागली होती. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलाखाली. तिथनं फक्त पाय दिसायचे. मागं पाय वाढले की वहिनींची खुर्ची थोडी पुढं सरकायची. आणखी वाढले की आणखी पुढं, पार टेबलाला टेकेपर्यंत. वरनं आवाज यायचा, "वैनी, हितं न्हाय, हितं," आणि खुर्चीला सरकायला जागा उरलेली नसायची. नववीतनं शाळा सोडली नसती तर ही वेळ या बाईवर आली नसती, असं मला अगदी खरंच वाटायचं.

शेवटी मालक आले. बराच वेळ खटपट केली आणि हात पुसत म्हणाले, "ऱ्हाऊ दे मर्दा. काढ ते कार्ड." मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. रात्री ताटात नेहमीसारखीच भाकरी वाढली. मला मात्र वाटत राहिलं, की मीच आधी काहीतरी बिघडवून ठेवलंय आणि ते माझ्यावर पांघरूण घालतायत. कार्ड काढून, बाहेरचा मॉनिटर काळाच सोडून निघालो तेव्हा वहिनींनी चहा दिला. माझ्याच्यानं तो संपला नाही.

बऱ्याच महिन्यांनी, आमच्या दुकानात माल पोचवणारा एक माणूस बोलता बोलता म्हणाला, "ह्या नव्या शिस्टीमवर दोन कंपन्यांची कार्डं एकत्र चालतच न्हाईत. एकाच कंपनीची दोन लावायची." त्यानं ते चहाचा घोट घेता घेता सांगितलं. मी दुकान तसंच टाकून धावलो.

त्या दिवसानंतर मी त्यांच्या गल्लीत फिरकलोच नव्हतो. वहिनींचं शटर खाली होतं. गिऱ्हाईक कमी झालं की त्यांनाच नकोसं झालं, हे कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. शेजारचा म्हणाला, त्या आता बसस्टँडजवळच्या मोठ्या फ्लेक्सवाल्याकडं कामाला असतात.

तिथं भिंतीला तोंड करून ओळीनं कॉम्प्युटर होते. कडेच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या आणि मागं माणसं उभी होती. त्यांच्यातनं वाट काढत मी खुर्चीपर्यंत गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. दुसरं कार्ड त्याच कंपनीचं हवं होतं, वहिनी. दोन वेगळी चालणारच नव्हती. कुणी बसवली असती तरी.

त्यांनी मान वळवली नाही. "व्हय?" एवढंच म्हणाल्या. कुणाचा तरी चेहरा माऊसनं ओढून मोठा करत राहिल्या, आणि खुर्ची जरा पुढं घेतली.

मागनं कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. "ओ पावणं, बाजूला व्हा की. आमास्नी दिसंना झालंय."