कपाटाच्या तळाची दोन भोकं

तापातून उठलो, पण वास येणं जे बंद झालं ते झालंच. फोडणी, अत्तर, ओहोटीनंतरचा खाडीचा चिखल, मला सगळं सारखंच. हे मी दोन वर्षं बायकोपासून लपवलं. निवृत्त झाल्यावर जुनी व्हॅन घेऊन तिच्यात झोपायची फळी आणि छोटी शेगडी बसवून घेतली होती. बायकोला बाहेरचं तेलकट सोसत नाही, म्हणजे शेगडी नसेल तर फिरणं नाही. आणि मला वास येत नाही हे कळलं तर शेगडी नाही. म्हणून गप्प बसलो. लबाडीच होती, दुसरा शब्द नाही. हल्ली स्वयंपाक करताना ती मधूनच विचारायची, 'बघा हो, करपल्याचा वास येतोय का?' मी खुर्चीतूनच अंदाजाने उत्तर ठोकून द्यायचो. ती माझी परीक्षा घेतेय की काय, असा मला संशय होता.

फिटरने सिलेंडरसाठी व्हॅनच्या मागच्या भागात पत्र्याचं कपाट केलं आणि त्याच्या तळाला, गाडीच्या खालून आरपार, दोन भोकं पाडली. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी, असं त्याने मला दोनदा समजावलं. सिलेंडर लावला की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे आले तर गळती, हेही सांगितलं. मी मान डोलावली. मी तीस वर्षं ऑफिसात लोकांना नियम ऐकवले, मला कुणी नियम ऐकवलेले आवडत नाहीत.

आम्ही राहतो खाडीकाठच्या दिवाळे गावाजवळ. इथल्या डासांबद्दल बोलायला नको. त्या भोकांतून ते गाडीत शिरायला लागले, तेव्हा मी जुन्या बनियनचे बोळे करून दोन्ही भोकं घट्ट बंद केली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

पहिल्या सफरीच्या सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सिलेंडर लावला. रबरी पाइपवरची पट्टी आवळायला घेतली तेवढ्यात बायकोने वरून चहाला हाक मारली. चहा पिऊन आलो तोवर पट्टी अर्धवट राहिल्याचं पार विसरलो. रेग्युलेटर चालू केला. साबणाचं पाणी कोण कालवत बसणार? कपाटाशी वाकून, खाली आलेल्या बायकोला ऐकू जाईल असा, जोरात श्वास ओढला आणि म्हणालो, काही नाही. तीही वाकली, हुंगली आणि म्हणाली, काही नाही. मला हायसं वाटलं. दूध खाली लागण्याआधी ओळखणारी बाई ती. तिने नाही म्हटल्यावर विषय संपला.

मग गाडीची दारं लावून बाहेर पूजा. हार बांधला, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. त्यात अर्धा तास गेला. निरांजन मात्र वाऱ्याने दोनदा विझलं. बायको म्हणाली, आत शेगडीपुढेच ओवाळू, तीच आपली अन्नपूर्णा. आम्ही आत शिरलो. वात विझू नये म्हणून मी सरकता दरवाजा ओढून घेतला. तिने ताट खालीच ठेवलं, वात नीट केली आणि काडी पेटीवर धरली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आमच्याकडे दर रविवारी येणारी दिवाळ्याची मावशी, मासळीवाली. बायकोने तिला प्रवासासाठी सुकट सांगितली होती. भलत्या वेळी आली म्हणून मी कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं. तिने डोकं आत घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"गॅस हाय आत. तुमाला वास नाय येत?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. काडी अजून पेटीला टेकलेली होती.

"बाय, ती काडी खाली ठेव," मावशी हळू म्हणाली. "पयलं खाली उतर."

बायकोने काडी ताटात ठेवली. उठता उठता तिचा हात सवयीने शेगडीवरच्या पंख्याच्या बटणाकडे गेला. घरात धूर झाला की ती हेच करते.

"हात लावू नकोस." माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बटणातही ठिणगी उडते. तिचं बोट दोन अंगुळांवर थांबलं, मग मागे आलं. ती उतरली. मी रेग्युलेटर बंद केला, सगळी दारं उघडली, ते बनियनचे बोळे उपसून काढले आणि गेटपाशी जाऊन उभा राहिलो.

मावशीने वॉचमनला विडी विझवायला लावली. टोपली गेटवर ठेवून ती पुन्हा पुन्हा गाडीपाशी जायची, हुंगायची आणि येऊन सांगायची, "अजून हाय." आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गेला."

भीती ओसरली तसा माझा राग उसळला, आणि तो काढला बायकोवर. तुला कसा कळला नाही, म्हणून तिच्यावर डाफरलो.

"तुमच्या पाठोपाठ मलाही ताप आला होता ना, तेव्हापासून मला वास येतच नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही जाणंच रद्द केलं असतं. तुम्हाला येतो, म्हणून मी निर्धास्त होते."

मावशी माझ्याकडे बघत होती. मला मान वर करवेना.

"मलाही येत नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. आता निघण्याआधी ती साबणाच्या पाण्याची वाटी धरते, मी ब्रशने जोडांवर पाणी लावतो आणि दोघंही चष्मे लावून बुडबुडे शोधतो. घरात ती अजून विचारते, "बघा हो, करपलंय का?" मी खुर्चीतून उठतो आणि पातेल्यात वाकून बघतो.