धुतलेलं झबलं

गांधीबागेत कापडाच्या दुकानांच्या ओळीच्या शेवटी एक बाई झबली विकायला बसायची. मागच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता. त्याच्यावरच आडवी दोरी बांधून ती ओली झबली वाळत घालायची. मला तेव्हा सातवा महिना होता. "बाई, नवीकोरी झबली धुता कशाला?" मी विचारलं.

"जुने करून राहिली वं," पदराला हात पुसत ती म्हणाली. "बाळाले पहिलं झबलं दुसऱ्या लेकराचं उतरलेलं लागते ना! पहिले घरोघरी भेटे. आता दोन लेकरं झाले का बस. मांगाव कोणाले?"

माझीही तीच पंचाईत होती. थोरलीचे कपडे बोहारणीनं नेले होते आणि शेजाऱ्यांची मुलं शाळेत जाऊ लागली होती. मी धुऊन मऊ केलेलं एक झबलं घेतलं.

"वापरून झालं का आणून देजो," तिनं बजावलं.

मुलगा रांगायला लागल्यावर ते परत नेलं. तिनं ते बराच वेळ नाकाशी धरलं.

"आता पुढचं कधी?"

मी त्रिकोणाकडे बोट दाखवलं. दोघीही हसलो. तेवढ्यात एक अवघडलेली पोरगी येऊन जुनं झबलं मागू लागली. बाईनं दोरीवरच्या झबल्यांना हातही लावला नाही. माझंच उचलून तिला दिलं.

"हे ने. धुतल्यानं जुनं होत नाही वं, लेकराच्या अंगावर होते."