उन्हात ठेवलेली नळी

नव्वदच्या दशकात मी अंबड तालुक्यातल्या, हायवेला लागून असलेल्या एका विनाअनुदानित ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होतो. दर एप्रिलमध्ये नोकरी संपायची आणि जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र मिळायचं. मधले दोन महिने संस्थेचे अध्यक्ष दिसतील तिथं हात जोडायचे. ‘पुढच्या वर्षी कायम करू’ हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. सोडून जावं तर दुसरीकडेही हेच, आणि घरची मंडळी तर चारचौघांत मला ‘प्रोफेसर’ म्हणायला लागली होती. आता परत जायचं तरी कोणत्या तोंडानं?

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड. दक्षिणेला तीन खिडक्या, पडदा एकीलाही नाही. दुपारची वीज नसायचीच.

बारावीच्या प्रॅक्टिकलला आमच्याकडे एक प्रयोग ठरलेला. दोन बाटल्या, एकीत अल्केन, दुसरीत अल्कीन. दोन्ही थोडे थोडे वेगवेगळ्या नळ्यांत घ्यायचे, नारिंगी ब्रोमीन वॉटर घालून हलवायचं. अल्कीनमधला दुहेरी बंध ब्रोमीनला लगेच धरतो आणि रंग उडतो. अल्केनचे सगळे हात आधीच गुंतलेले, तो ढिम्म, रंग तसाच. ही निरीक्षणं मी आदल्या दिवशीच फळ्यावर लिहून द्यायचो आणि पोरं ती पाठ करायची. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं, मलाही नाही. बाहेरून परीक्षक यायचे, त्यांना मटणाचं जेवण, जाताना टॉवेल-टोपी, आणि पोरांना तीसपैकी अठ्ठावीस.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. शहागडला तिच्या वडिलांचं ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान. मुलगी फार प्रश्न विचारायची. खरं सांगतो, मी वैतागायचो. परीक्षेच्या आधी वडील मुद्दाम भेटायला आले.

“सर, पोरगी जालन्याला बीएस्सी करायचं म्हणून राह्यली. प्रॅक्टिकलला बराबर मार्क पडले तं धाडतो. न्हाई तं मंग बस झालं, घरीच बरी.”

“बिलकुल काळजी करू नका,” मी म्हणालो. प्रॅक्टिकलला कुणाला कधी कमी पडलेत?

परीक्षेला आलेले गृहस्थ वजनदार होते, अध्यक्षांच्या बैठकीतले. सकाळीच प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. “त्यायच्या शब्दापुढं शब्द न्हाई टाकायचा. जून जवळ येऊन राह्यला, ध्यानात ठेवा.”

बाराच्या सुमाराला वीज गेली. रंग दिसावा म्हणून पोरं नळ्या घेऊन खिडकीशी गेली. बाकीच्यांनी नळी हलवली न हलवली, पाठ केलेली ओळ उतरवली आणि सगळं मोरीत ओतून दिलं. या मुलीचा तोंडी परीक्षेचा नंबर शेवटी होता. तिनं स्टँड खिडकीत, भर उन्हात ठेवला आणि वाट बघत बसली.

तिचा नंबर आला तेव्हा परीक्षकांनी तिचा पेपर वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. अल्केनपुढं तिनं लिहिलं होतं, ‘आधी रंग राहिला. उन्हात ठेवल्यावर हळूहळू गेला.’

“अल्केनचा रंग जातो? कुणी शिकवलं हे?”

“कुणी न्हाई, सर. म्या पाह्यलं. नळी आणू का?”

आणि तिनं माझ्याकडं पाहिलं.

मला माहीत होतं. उन्हात अल्केनही ब्रोमीनशी जुळतो, सावकाश, पण जुळतो. पुस्तकात ते पुढच्याच पानावर आहे. ‘सर, नळी उन्हात होती, तिचं बरोबर आहे,’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर लाल पेन होतं, दारात प्राचार्य होते आणि माझ्या डोक्यात जून होता.

“गोंधळली असेल, सर,” मी म्हणालो. “नळ्यांची अदलाबदल झाली असेल.”

त्यांनी लाल रेघ मारली. मुलगी नळ्या धुऊन, स्टँड पुसून जागेवर ठेवून गेली.

निकालात तिचे प्रॅक्टिकलचे मार्क वर्गात सगळ्यांत कमी होते. गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा ऑफिसच्या बाहेर तिनं मला गाठलं.

“सर, माझं चुकलं होतं का?”

तेव्हा तिथं परीक्षक नव्हते, प्राचार्य नव्हते. तरी मी म्हणालो, “परीक्षेत तसं लिहायचं नसतं.”

“म्हंजे चुकलं न्हाई,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती समजून गेली आणि बसच्या वेळेला निघाली. जालन्याला ती गेली नाही, हे मला पुढं तिच्या वर्गातल्या पोरांकडून कळलं. मी त्या दुकानावरून कितीदा बसनं गेलो असेन, एकदाही उतरलो नाही.

जूनमध्ये मला पत्र मिळालं. पहिल्याच आठवड्यात, कुणी सांगितलेलं नसताना, मी खळ शिजवून आणली आणि प्रयोगशाळेच्या तिन्ही खिडक्यांना आतून जुने पेपर चिकटवले. पुढं नोकरी कायम झाली. दरवर्षी पावसाळ्यात कागद सुटायचे, ते मी पुन्हा चिकटवायचो. भरदुपारी मेणबत्ती लावून प्रॅक्टिकल घेतलं, पण त्यानंतर माझ्या प्रयोगशाळेत अल्केनचा रंग कधीच गेला नाही.