दोर नसलेली विहीर

परदेशात फौजेची छावणी बसवायच्या आधी तिथली माती, पाणी, हवा तपासावी लागते. ते माझं काम. मी लातूरकडच्या शिरूर अनंतपाळचा. आफ्रिकेतल्या त्या माळावर उतरलो तेव्हा घरी आल्यासारखंच वाटलं. तसाच उघडाबोडका माळ, आणि सगळा उतार एका विहिरीकडं.

छावणीच्या साहेबांनी संडासाचे खड्डे आणि डिझेलच्या टाक्या विहिरीच्या नेमक्या वरच्या अंगाला आखल्या. मी म्हणालो, सगळं झिरपून विहिरीत जाईल.

"विहीर पडीक आहे," साहेब म्हणाले. "दोर नाही, बादली नाही. वापरतंय कोण?"

मला हसूही आलं आणि संतापही. आमच्याकडं विहिरीवर दोर ठेवतं कोण? ज्याचा दोर त्याच्या घरी, खुंटीला. ठेवलाच, तर सकाळी तो दुसऱ्याच्या म्हशीच्या गळ्यात. विहीर चालू की बंद, ते काठ बघून कळतं. मी साहेबांना काठाशी नेलं. दगडात दोराच्या खाचा पडल्या होत्या, आणि तसल्या उन्हातही त्या ओल्या होत्या.

उन्हं कलल्यावर बायका आल्याच, खांद्यावर दोराची वेटोळी घेऊन. एकीनं आधी आम्हाला पाणी दिलं, मग खुणेनं विचारलं, कुठले तुम्ही. साहेब गटागट प्यायले आणि तोंड पुसत मला म्हणाले, "ठीक आहे, यांना टँकर देऊ."

माझं डोकंच फिरलं. लातूरकडच्या माणसापुढं टँकरचं नाव काढता? मी तडकलो. म्हणालो, साहेब, छावणी उठली की टँकरही उठेल, या बायका कुठं जातील? खड्डे विहिरीच्या पलीकडं, खालच्या अंगाला न्या. तर म्हणे, तिकडून रस्ता लांब पडतो. मी अहवालात विहीर चालू लिहिली. वरून तो पक्का होऊन आला तेव्हा त्यात ती पडीक झाली होती. जिचं पाणी प्यायले, तिचीच विहीर नासवायला निघाले. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी जात. मी ते काम सोडलं, पण खड्डे तिथंच खणले गेले.

गावी पोचलो तेव्हा गल्लीत टँकर लागला होता. आई रांगेत उभी होती. मला बघून तिनं आधी तब्येत विचारली, मग म्हणाली, "तिकडं तरी पाणी हाय का रं?"

मी तिच्या हातातली घागर घेतली.

"व्हतं," म्हणालो.